इंजिन सुकेपर्यंत

नांदुऱ्यात आमचं बियाण्यांचं आणि पिकांवर फवारायच्या औषधांचं दुकान होतं. बीटी कपाशी आली तेव्हा सुरुवातीची वर्षं फार बरी गेली. बोंडअळी दिसेनाशी झाली होती. शेतकरी ह्यांना हाताला धरून वावरात नेत आणि कापसानं पांढरीशुभ्र झालेली पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, दाखवत. त्याच दिवसांत आम्ही गाडी घेतली. वापरलेलीच होती, पण आमच्या गल्लीतली पहिली.

मग एका हंगामात गुलाबी अळी परत आली. बोंड वरून धडधाकट दिसायचं आणि फोडलं की आत किडकी सरकी. लोक पिशव्यांत बोंडं भरून दुकानात आणू लागले. भांडत कोणीच नव्हतं. काउंटरवर बोंडं ओतायची आणि ह्यांच्या तोंडाकडे पाहत उभं राहायचं, एवढंच. हे हळूहळू दुकानात उशिरा जाऊ लागले, लवकर परतू लागले. गाडी मागच्या अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये गेली ती तिथंच राहिली.

संक्रांतीनंतर मलकापूरला माझ्या भाचीचा साखरपुडा होता, म्हणून गाडी काढायचं ठरलं. चालू केली तर जळका वास आला. बॉनेट उघडून पाहिलं, तर आत उंदरानं घर केलेलं. कापूस, सरकी, बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांचे चकचकीत तुकडे, सगळं इंजिनाच्या कोपऱ्यात गच्च बसवलेलं. इलेक्ट्रिशियन येऊन कुरतडलेल्या वायरी नीट करून गेला. जाताना म्हणाला, "हे सगळं साफ केल्याबिगर गाडी पळवू नका, पेट घेईन. हायवेवर वॉशिंगले टाका."

हे तयार होईनात. वॉशिंग सेंटरच्या समोर चहाची टपरी होती, तिथं बाजाराला आलेले शेतकरी बसत.

"लोकाईची पऱ्हाटी गेली अन् शेठ गाडी चमकवून राह्यले, असं म्हणतीन," हे म्हणाले.

"मंग घरीच धुऊ."

"समोर नको. मांगंच धू."

धुवायचं माझ्यावर आलं. गाडी आदल्या दिवशीच शेडबाहेर, उन्हात काढून ठेवलेली होती. पुढचं दार आतून लावून घे, असंही सांगून हे मागच्या खोलीत जाऊन पडले. माझा धाकटा भाऊ मलकापुरात टॅक्सी चालवतो. त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू करून मोबाइल गाडीच्या टपावर ठेवला.

"ताई, इंजन गार हाय ना? गरम इंजनवर पानी टाकशीन तं तडा जाईन."

"गार हाय. कालपासून चालूच नाही केली."

"मंग आधी बॅटरीची काळी वायर काढ. तोंडाले रुमाल बांध, हातात मोजे घाल, अन् उंदराचा कचरा सारा कोरडाच काढ. मंग फ्यूजचा डबा, अल्टरनेटर अन् एअर फिल्टर, तिन्हीवर प्लास्टिकची पन्नी बांध. रॉकेल-पेट्रोल काही लावू नको. साबनाचं पानी अन् ब्रश, बस."

"नळी लावू का?"

"नळीचा जोर नको. तुमच्या दुकानातला फवारनीचा नवा पंप घे, साधं पानी भर अन् हलकं मार. मंग पुसून घे अन् बॉनेट उघडं ठेवून उन्हात सुकू दे. वली असताना चालू करू नको, आयकलं का?"

मी त्यानं सांगितलं तसं करत गेले. कापसाचे बोळे काढताना त्यात एकदोन मेलेल्या गुलाबी अळ्याही निघाल्या. त्या मी कागदात गुंडाळून टाकल्या. का कोण जाणे, त्या ह्यांना दिसू नयेत असं वाटलं. मग ब्रशनं काळा थर घासला, पंप पाठीला लावला आणि पाणी मारू लागले.

तेवढ्यात घराच्या बाजूच्या बोळातून एक बाई आली. जवळच्या खेड्यातली, आमचं जुनं गिऱ्हाईक. दरवर्षी नवऱ्याबरोबर बियाणं न्यायला यायची. हातात पिशवी होती. मला पाहून ती जागीच थबकली आणि पदर नाकाला लावला.

"वहिनी, त्या पंपात काय हाय?"

"पानी हाय. नवा पंप हाय, औषध कधी भरलंच नाही यात."

तरी ती पुढं आली नाही. मग मला आठवलं. त्याच हंगामात, पावसाळ्यात, तिचा नवरा फवारणी करता करता वावरातच पडला होता. पुष्कळ दिवस दवाखान्यात होता. औषध आमच्याच दुकानातलं होतं. मी पंप उतरवून शेडच्या मागं नेऊन ठेवला. उतरवताना पट्टा निघता निघेना, आणि ती पाहत होती.

"शेठ हायेत का घरी? पुढून दार बंद होतं."

मी हातातलं फडकं पिळत राहिले. तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. पिशवी खाली ठेवली, दोरीवरचं जुनं लुगड्याचं फडकं घेतलं आणि माझ्या शेजारी उभी राहून इंजिन पुसू लागली.

"दोघीजनी पुसू तं लवकर व्हईन," ती म्हणाली.

आतून ह्यांच्या खोकल्याचा आवाज आला. मागच्या खोलीची खिडकी आमच्यापासून हातभर अंतरावर होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं. तिनं ओरडून हाक मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी आत गेले. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"बाहेर या."

"नाही हाय म्हून सांग."

"तिनं तुमचा खोकला आयकला."

हे उठून बसले. मग शर्ट घालून बाहेर आले. बाईनं पिशवीतून एक बोंड काढून त्यांच्या हातावर ठेवलं. ह्यांनी ते फोडलं नाही.

"माह्यापाशी काही जवाब नाही, बाई," हे म्हणाले.

"जवाब मांगाले नाही आली. वावरात चला. एकडाव डोयानं पाहा. आमचे घरचे म्हनतात, शेठनं बियानं देलं, तं शेठनं पाह्यलं पायजे. मंग पऱ्हाटी उपटतो."

हे लगेच गाडीकडे वळले, किल्ली खिशातच होती. मी आडवी झाले.

"वली हाय. सुकेपर्यंत थांबा लागते."

मग आम्ही तिघं अंगणात बसलो. बॉनेट उघडं, त्यावर ऊन. मी चहा केला. तिनं घेतला, ह्यांनी घेतला. हे पुन्हा पुन्हा उठून इंजिनाला हात लावून पाहत आणि परत येऊन बसत. रोज लोकांना चुकवत बोळाबोळानं दुकानात जाणाऱ्या माणसाला आता कुठं जाता येत नव्हतं. एकदा तिनंच विचारलं, "पोरगी कितवीले हाय तुमची?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं.

दुपारी सगळं कोरडं झालं. पन्न्या सोडल्या, बॅटरीची वायर लावली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी पुढं बसले. बाई मागच्या सीटच्या अगदी कडेला बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

वावरात तिचा नवरा बांधावर बसला होता. आम्हाला पाहून उठला. "या शेठ," म्हणाला आणि मडक्यातून पाणी ओतू लागला. दवाखान्यातून आला तरी त्याचे हात अजून कापत होते, निम्मं पाणी खाली गेलं. ह्यांनी पुढं होऊन पेला धरला. मग दोघं पऱ्हाटीच्या ओळीओळीनं फिरले. ह्यांनी बोंडं फोडून पाहिली, एकेक करून, बराच वेळ. तिच्या नवऱ्यानं एक शब्दही वाकडा काढला नाही. जाताना वाळल्या पऱ्हाटीतून आम्हाला वाट करून दिली.

गाडी तयार होती, पण ती काढायला ह्यांचं मन घेईना; साखरपुड्याला आम्ही शेवटी एसटीनं गेलो.

दुकान बंद केलं नाही, दुसरं काही येत नव्हतं. पुढच्या हंगामापासून "कोणतं बियानं चांगलं?" असं कोणी विचारलं की हे म्हणत, "छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत." काही गिऱ्हाइकं त्यामुळं तुटली. ते जोडपं सोयाबीन-तुरीकडे वळलं आणि बियाणं दुसऱ्या दुकानातून नेऊ लागलं. ती बाई आठवडी बाजारात दिसते. थांबून माझी, पोरीची चौकशी करते. मी बोलते, पण नजर भाजीच्या ढिगावर ठेवून.