दिवटीचा मान

“तिला कसलं वाईट वाटतंय? ती इथं राहिलीच कुठं?”

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी आत्या हे आईला हळूच म्हणाली. मी गाडीच्या डिकीत बॅग ठेवत होते. वळले नाही, लागलेलीच चेन पुन्हा लावत राहिले.

आत्या, तुझं काही चुकलं नव्हतं. पहिलीपासून पिवळी स्कूलबस मला आमच्या गावातून, सावरखोपातून, साताऱ्याला न्यायची. परत आले की मी दार लावून होमवर्क करायचे. यात्रा नेमकी परीक्षेत यायची. रात्री देवाचा छबिना निघाला, पालखी दाराशी आली, की आई माझी खिडकी लावून घ्यायची. “तुला काय इथं राहायचंय?” हे तिचं ठरलेलं वाक्य.

आता मी नेकारसुल्मच्या कार प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. शहरात वोनुंग, म्हणजे भाड्याचा फ्लॅट, मिळाली नाही, म्हणून बसने अर्ध्या तासावरच्या खेड्यात राहते. आणि या खेड्याचं मला सगळं माहीत आहे. घरमालकीण फ्राउ शेफर यांनी एकेक करून दाखवलं. द्राक्षांचा रस काढायची जुनी इमारत, केल्टर, जिथं आता गावाचे कार्यक्रम होतात. जुन्या शाळेतलं दोन खोल्यांचं म्युझियम, फक्त रविवारी उघडणारं. युद्धात चर्चची घंटा वितळवली गेली, तिच्या जागी गावानं वर्गणी काढून बसवलेली नवी घंटा. वाइनफेस्टला कुठल्या घरानं बाकं मांडायची, कुठल्या घरानं केक करायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. गेल्या वर्षीपासून प्लमचा केक माझ्याकडे आहे.

मी कुठली, असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा मी पुणे म्हणाले. पुण्यानंतर फारसे प्रश्न येत नाहीत. इथल्या आपल्या मराठी ग्रुपमध्येही मी पुण्याचीच आहे. कुणी “पुण्यात कुठे?” विचारलं की इंजिनिअरिंगला राहिले त्या हॉस्टेलचा एरिया सांगते. तुमच्यातल्या काहींना हे नवीन नसेल.

यंदा आईपप्पा आले, तेव्हाच केल्टरमध्ये एक कार्यक्रम होता. बाहेरून आलेल्यांनी आपापल्या गावाबद्दल बोलायचं. फ्राउ शेफर यांनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं होतं. मी पुण्याच्या स्लाइड्स केल्या.

आम्ही पोचलो तेव्हा बाकं मांडणं चालू होतं. पप्पांनी कुणाला न विचारता एका बाकाचं टोक उचललं. फ्राउ शेफर “नाइन, नाइन”, नको नको करत त्यांना बसवायला बघत होत्या. पप्पा हसून पुढच्या बाकाकडे वळत होते.

“अहो, पाहुणे आहात तुम्ही,” आई म्हणाली.

“हितं पण घराघराला मान आहे म्हणालीस की,” पप्पा मला म्हणाले. “बाकांचा मान कुणाचा, इचार की गं त्यांना.”

आमच्या घराला दिवटीचा मान आहे. मशाल घेऊन पालखीपुढं चालायचं. पप्पा दर यात्रेला चालतात. मी ते एकदाही पाहिलेलं नाही.

माझी पाळी आली. शनिवारवाडा, पर्वती, लक्ष्मी रोड. लोक मन लावून ऐकत होते. पहिल्या बाकावरून आईचा आवाज आला.

“हे कुठलं हो?”

“पुणं.”

“आणि आपलं?”

“आसंल की पुढं.”

पुढं धन्यवादाची एकच स्लाइड होती. ती आली, टाळ्या झाल्या, तरी पप्पा पडद्याकडेच बघत होते. माझे कान तापले. खेड्यातली म्हणवून घ्यायची मला आयुष्यभर लाज वाटत आली होती. एवढी माझी स्वतःची कधी वाटली नव्हती.

फ्राउ शेफर यांनी हात वर केला. “यात तुमचं घर कुठल्या बाजूला?”

घर म्हणजे जिथं आपल्या वाट्याला एक काम राखून ठेवलेलं असतं, हे मला याच गावानं, एका केकवरून शिकवलं होतं. माझ्या वाट्याची दिवटी दुसरीकडे होती, आणि मी खिडकी लावून बसले होते.

“आल्झो,” म्हणजे ‘तर’, एवढंच मी म्हणाले आणि थांबले. मग जर्मनमध्येच बोलले, “यात माझं घर नाही. मी पुण्याची नाही. माझ्या गावाचं नाव सावरखोप. त्याचा फोटो मी आणला नाही, आणि मला त्याच्याबद्दल फार सांगताही येणार नाही.”

मी पहिल्या बाकाकडे वळले.

“पप्पा, पुढं या. छबिन्याचं सांगा. मी यांना जर्मनमध्ये सांगते.”