श्राद्धाच्या पानावरचा ब्रश

बाबांचे दाढी करायचे दिवस ठरलेले नव्हते, न करायचे मात्र ठरलेले होते. मंगळवार, शनिवार, एकादशी, अमावास्या, पौर्णिमा. उरलेल्या दिवसांत ते गंगेकाठी ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घराच्या खिडकीत स्टुलावर बसायचे आणि पितळी वाटीत साबण फेसायचे. वय ब्याऐंशी, सगळं आयुष्य वेदपठणात गेलेलं. वर्षापूर्वी उजवा हात कापायला लागला तेव्हापासून धोतराच्या निऱ्या मी करून द्यायचो, चहाचा कप मी धरायचो. दाढी तेवढी त्यांची ते करत. त्यात कोणी मदत करू म्हणालं तर ते नुसतं बघायचे, आणि तेवढं पुरायचं.

मी रेल्वेतून निवृत्त झालो होतो. निवृत्त माणसाला छंद हवा म्हणतात, मला मोबाइलवर दाढीचे व्हिडिओ बघायचा लागला. डुकराचा केस, बिज्जू म्हणजे बॅजर या पट्टेरी प्राण्याचा केस, घोड्याचा केस आणि कृत्रिम धागा, असे ब्रशांचे चार वर्ण असतात हे ज्ञान मला साठीत झालं. असलं ज्ञान पोटात ठरत नाही, आणि ते ओकायला मी आजोबांच्या श्राद्धाचा दिवस निवडला.

श्राद्धाच्या पानावर बोलू नये असा नियम आहे, म्हणून सगळे बोलत होते. ब्राह्मण म्हणून गल्लीतलेच एक गुरुजी आले होते, बाबांहून दहा वर्षांनी लहान. वसंतपूजेला, म्हणजे वैदिक मंडळी जमून वेद म्हणतात तेव्हा, ते बाबांच्या उजव्या हाताला बसत. पहिला मंत्र बाबांचा असे. ही जागा कधी रिकामी होते याकडे गुरुजींचा डोळा होता, असं माझं मत होतं. त्यांनी बाबांच्या हनुवटीवरची जखम पाहून आता हात चालत नाही वाटतं, असं विचारलं. मला बाबांची बाजू घ्यायची होती. मी म्हणालो, हाताचा दोष नाही, ब्रशच वाईट आहे, डुकराच्या केसांचा, राठ, साबण नीट लावत नाही.

गुरुजींच्या हातातला वडा हातातच राहिला. मग त्यांनी तो पानात ठेवला, पाणी प्यायले आणि उठले. बाबा मान खाली घालून बसून राहिले.

बायकोने चिमट्याने ब्रश उचलला. तो गंगेत टाकायचा नाही यावर घरात आणि शेजारात एकमत झालं. गंगेत काय काय जातं ते रोज पाहणाऱ्या लोकांचं हे एकमत होतं. शेवटी तो कचऱ्याच्या गाडीत गेला, आणि बाबांनी दाढी करणं सोडलं.

आमच्यात म्हाताऱ्या वैदिकाची दाढी वाढलेली दिसली की घरात सुतक आहे असं लोक धरून चालतात. मंगळा गौरीच्या मोहल्ल्यातून एक जण समाचाराला आले, दहा मिनिटं उदास बसले आणि जाताना दारात माझ्या कानाशी येऊन विचारलं, "पण गेलं कोण?" न्हाव्याला बोलावलं तर तो इमानदारीत म्हणाला, "बाबूजी, हमरे पास भी उहे बा." म्हणजे त्याच्याकडेही डुकराच्याच केसांचा ब्रश. डब्यातला तयार फेस बाबांनी हुंगला आणि परत केला.

मग तीन गुरुजी निर्णय द्यायला बसले. तिघांच्याही गालांवर त्याच गल्लीतल्या त्याच दुकानाचे ब्रश फिरत आले होते, पण तो विषय कोणी काढला नाही. निर्णय असा झाला की अजाणता घडलं त्याचं बाबांना पाप नाही, पण ज्याने पितरांच्या पानावर ते उच्चारलं त्याने प्रायश्चित्त घ्यावं. डुक्कर सुटलं, मी सापडलो. त्यांच्यातले बाबांची जागा घेऊ पाहणारे गुरुजी उठता उठता म्हणाले की तीन आठवड्यांनी मुन्शी घाटावरच्या यजमानांकडे वसंतपूजा आहे, अशा दाढीने पुढे बसणं बरं दिसणार नाही, पहिला मंत्र मी उचलीन, बाबांनी चिंता करू नये. बाबा "बरं" म्हणाले. एकदा गेलेली जागा या वयात परत मिळत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मला त्या गुरुजींचा संताप आला आणि त्याहून माझा.

मी कृत्रिम धाग्याचा ब्रश मागवला. निवडायला चार दिवस लागले, कारण निम्मे ब्रश बिज्जूच्या केसांसारखे पट्टे रंगवून विकतात. आला तो तसाच पट्ट्यांचा. बाबांनी चष्मा लावून पाहिला.

"हे कोणाचे केस?"

"कोणाचेच नाहीत. नायलॉनसारखा धागा आहे."

"मग केसांचं सोंग कशाला?"

मी याचं उत्तर व्हिडिओत शोधू लागलो.

पण त्यांनी तो घेतला. जुन्या सवयीने भिजत घालून एक अख्खं स्तोत्र म्हटलं. मी सांगितलं, याला भिजवावं लागत नाही, हा पाणी धरत नाही. मग त्यांनी तो गालावर दाबून घासला. धागा उसळला आणि फेस आरशावर, माझ्या चष्म्यावर, खिडकीतल्या तुळशीवर उडाला. दाबू नका, नुसती टोकं फिरवा, असं मी ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला मोबाइल समोर धरून शिकवत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे लक्ष देणं सोडलं आणि जमलं. टोकं हलकी फिरवायला कापता हात उत्तम निघाला. दाट, मऊ फेस झाला, आणि हनुवटीला कुठे कापलं नाही.

वसंतपूजेला बाबा गुळगुळीत गालांनी पुढे बसले आणि पहिला मंत्र त्यांनी उचलला. आवाज हातासारखा कापत नव्हता. नंतर पायऱ्यांवर त्या गुरुजींनी मला बाजूला घेतलं आणि तसलाच एक ब्रश मागवून द्या म्हणाले, घरी कळू न देता.

मी हसतच घरी आलो आणि बाबांना ते सांगितलं. ते हसले नाहीत.

"मागवून दे त्याला. आणि कोणाला बोलू नकोस."

"पण बाबा, त्यांनीच तर..."

"मला मालूम होतं," ते म्हणाले. "कसले केस ते. माझ्या वडिलांनाही मालूम होतं. दुकानदार सगळ्यांनाच सांगायचा. ते केस साठ वर्षं गालाला लागले, माझं काही गेलं नाही. पोटच्या पोराने चारचौघांत सांगितलं, म्हणून मला तोंड लपवून बसावं लागलं."

मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी विचारलं, मग तेव्हाच का नाही म्हणालात, की माहीत आहे.

"माहीत आहे म्हटलं असतं तर कोणापासून माहीत, हेही विचारलं असतं," बाबा म्हणाले, "आणि मग तुझे आजोबाही दोषी ठरले असते माझ्याबरोबर. त्यांच्याच श्राद्धाला."