मी हुंकार दिला नाही

पंख्याची दोरी माझ्या हातात देऊन मोठे गुरुजी म्हणाले, "ओढ. साहेब जाईपर्यंत थांबू नकोस."

मी त्या शाळेत मास्तर होतो. पाचवी, सहावी, सातवीच्या पोरांना मराठी मीच शिकवत होतो. त्या दिवशी अंगात धुतलेला सदरा होता, डोक्यावर नवी टोपी होती, खिशात खडू होता. बीदरहून मोहतमीम साहेब आले होते. तालीमखात्याचे, शाळा तपासणारे. त्यांच्यासमोर माझा पाठ व्हायचा होता. गोष्ट कशी वाचावी, तिचे भाग कसे ओळखावेत, असा पाठ. मीच बसवलेला. महिनाभर पोरं आणि मी त्याच नादात होतो.

पंखा एका दिवसापुरता देशमुखांच्या घरून आणला होता. आढ्याला टांगलेला, लाल झालरीचा. तो ओढायला त्यांचा गडी येणार होता, आला नाही. मोठ्या गुरुजींनी मला खुणेनं बोलावलं. मला वाटलं, पाठ सुरू कर म्हणतील.

"आणि पाठ?" मी विचारलं.

"पाठ मी घेतो. तुझी बोली साहेबांपुढं चालायची नाही."

मी दाराशी भुईवर बसलो. माझ्याच वर्गात. सव्वीस पोरं वळून माझ्याकडं बघायलेली. मी दोरी ओढली. साहेबांच्या खुर्चीवर काळी घोंगडी अंथरलेली होती. ती माझ्या बापानं, अप्पानं, विणलेली. दर दिवाळीला अप्पा मोठ्या गुरुजींना एक घोंगडी नेऊन द्यायचा. माझ्या पोराला माणसात आणलं म्हणून.

आता खरं तेच सांगतो. मला शाळेत त्यांनीच आणलं. आम्ही धनगर. राजेश्वरच्या माळावर आमचा मेंढवाडा बसायचा. मी आठ वर्षांचा होतो. मोठे गुरुजी एकदा त्या वाटेनं चालले होते. मी भुईवर काठीनं एडक्याचं चित्र काढत होतो, ते बघून थांबले. अप्पाला म्हणाले, "हा पोरगा मला दे." त्यांनी मला अक्षरं शिकवली, स्वतःची पुस्तकं वाचायला दिली. मी त्यांना देव मानलं. माझ्या माणसांतल्या कुणीही मला इतकं शिकवलं नव्हतं. पुढं त्यांनीच मला शाळेत मास्तर म्हणून घेतलं. म्हणून तर हे इतकं लागलं. परक्यानं केलं असतं तर मी थुंकून पुढं गेलो असतो.

पण गोष्टीचा पाठ त्यांचा नव्हता. तो मेंढवाड्याचा होता.

आमच्यात कुणी गोष्ट सांगायला बसलं की एकजण हुंकार द्यायला बसतो. सांगणारा एक वाक्य सांगतो, हा "हूं" म्हणतो, मग पुढचं वाक्य. हुंकार एकाचाच. आणि त्याला एक हक्क असतो. कळलं नाही, पटलं नाही, तर तो हूं म्हणत नाही. गप बसतो. मग सांगणाऱ्यानं मागं जायचं आणि नीट सांगून यायचं, मग तो कितीही मोठा असो. माझा थोरला चुलता तात्या, दोनशे मेंढरांचा मालक. मी एवढासा असताना त्याच्या गोष्टीला हुंकार द्यायचो आणि त्याला चार-चार वेळा मागं पाठवायचो. तात्या चिडायचा, पण मागं जायचा.

शाळेत पोरांना गोष्ट शिकवायला लागलो तेव्हा कळलं, ह्यांना वाचता येतं पण कळत नाही. घडाघडा वाचतात. गोष्ट कुणाची म्हणून विचारलं की खाली बघतात. मग मी तात्याची रीत वर्गात आणली. एकानं वाचायचं, एकानं हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की सगळा वर्ग शोधायचा, हा कामून थांबला. कोण ते कळलं नाही? कुठं ते कळलं नाही? त्याला काय पाहिजे होतं? आडवं कोण आलं? शेवटी काय बदललं? गोष्टीचे हे पाच भाग मी फळ्यावर लिहून पाठ करून घेतले नाहीत. हुंकार थांबत गेला तसे पोरांनीच ते एकेक करून काढले.

शाळेत एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात चाळीसएक पुस्तकं. तोवर ती फक्त साहेब आले की उघडायची. मी ती पोरांना मोकळी केली. पुस्तक घरी न्यायचं आणि घरात ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचं. मायला, आज्ज्याला, घरच्या गड्याला. त्यानं हुंकार द्यायचा. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन सांगायचं, हूं कुठं थांबला आणि कामून. पोरांना याचं वेड लागलं. एकाची माय निरोप पाठवायची की हे पुस्तक बदलू नका, अजून संपलं न्हाई. ज्यांच्या घरी कागद म्हणजे शेतसारा भरल्याची पावती, त्या घरी आता पुस्तक जात होतं. मला ह्याचा फार अभिमान होता. आजही आहे.

मी हे सगळं एका वहीत लिहून ठेवलं. कुठली गोष्ट कशी घ्यावी, पोरं कुठं अडतात, काय विचारावं. मोठ्या गुरुजींना कळलं तेव्हा ते वर्गाच्या दारात उभं राहून तासभर ऐकत होते. मग मला घरी बोलावलं.

"वही दे माझ्याकडं. शुद्धलेखन बघून देतो," ते म्हणाले. "साहेबांना हाच पाठ दाखवू. वरच्या तीन वर्गांना परवानगी मिळाली की तू कायम झालास."

वरचे तीन वर्ग परवानगीवाचून चालले होते. ती मिळाली नाही तर वर्ग बंद, पेटी बंद, मी परत मेंढरांमागं. मी वही दिली. दोन्ही हातांनी दिली आणि वर पाया पडलो.

आता ती वही त्यांच्या हातात होती आणि दोरी माझ्या.

त्यांनी पाठ सुरू केला. गोष्ट तात्याचीच घेतली, आंधळ्या मेंढीची. दुष्काळात मेंढका पाणी शोधतोय. पुढं चालणारा एडका कळपाला कोरड्या विहिरीवर नेतो. कळपात एक आंधळी मेंढी असते, तिला पाण्याचा वास येतो. मेंढका तिला पुढं घालतो आणि खाली मान घालून सगळी मेंढरं तिच्यामागं जातात. एवढीच गोष्ट. पण मोठ्या गुरुजींच्या तोंडी मेंढका राजपुत्र झाला. मेंढीची गाय झाली. साहेबांपुढं मेंढरं कशी काढायची, म्हणून असेल.

आणि हुंकार. वहीत मी लिहिलं होतं, विद्यार्थी हुंकार देईल. तासभर दारात ऐकूनही त्यांना वाटलं, सगळ्यांनी मिळून द्यायचा. प्रत्येक वाक्यानंतर ते छडी वर करायचे आणि पोरं एका सुरात "हूं" म्हणायची. राजपुत्र निघाला. हूं. गाय आंधळी होती. हूं. सगळ्या गायी तिच्यामागोमाग चालू लागल्या. हूं.

मी दोरी ओढत होतो. हात दुखत नव्हता. मेंढरं धरलेला हात तो.

साहेबांना मराठी समजायची, बोलायचे मात्र दखनी उर्दूत. ते मान डोलावत होते. मग त्यांची नजर दुसऱ्या रांगेतल्या मल्लप्पाकडं गेली. शेतकऱ्याचा पोर, सहावीतला, हट्टी. तो तोंड मिटून बसला होता.

"तू क्यों चुप है?" साहेबांनी विचारलं.

मल्लप्पा उठला. "मला पटलं न्हाई साहेब. गाया अशा एकामागं एक जात न्हाईत. मेंढरं जातेत. मास्तरांनी मेंढरंच सांगितली होती."

"कौन से मास्तर?"

मल्लप्पानं माझ्याकडं बोट केलं. दाराशी भुईवर बसलेल्या माझ्याकडं.

मोठे गुरुजी हसले. "त्याला मीच शिकवलंय साहेब. मेंढवाड्यातून उचलून आणला. वीस वर्षांचा अनुभव आहे माझा ह्या पद्धतीत. विचारा त्यालाच." आणि मग माझ्याकडं वळून, अगदी मायेनं, लहानपणी बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "सांग रे. मीच शिकवलं ना हे? हूं म्हण."

त्या आवाजानं माझं काळीज हललं, हे लपवत नाही. हूं म्हणणं किती सोपं होतं. नोकरी कायम. पेटी उघडी. ज्या माणसामुळं मला वाचता आलं त्याची इज्जत शाबूत. माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण मल्लप्पा अजून उभाच होता. तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी दोरी सोडली. उठून उभा राहिलो.

"अक्षरं तुम्ही शिकवली, गुरुजी. हे न्हाई शिकवलं. ही रीत आमच्या मेंढवाड्यावरची हाय. ह्याला मी हूं म्हणत न्हाई."

मोठे गुरुजी वहीकडं बघत राहिले. साहेबांनी मला खालून वर न्याहाळलं.

"आप मास्तर हैं?"

"व्हय साहेब."

"तो पंखा क्यों खींच रहे हैं?"

हे त्यांनी मला विचारलं. मोठ्या गुरुजींना नाही विचारलं. ज्यानं दोरी हातात दिली त्याला विचारायला पाहिजे होतं. पण साहेबांना उत्तर नकोच होतं. त्यांनी तपासणीच्या बुकात चार ओळी लिहिल्या, चहा घेतला आणि गेले. परवानगी मिळाली. मल्लप्पाला बारा छड्या मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही मागायला गेलो. मोठे गुरुजी ओट्यावर बसले होते. मला बस म्हणाले नाहीत.

"कुठली वही?" ते म्हणाले. मग, "हे बघ, मी राग धरत नाही. वर्गासमोर म्हण की माझं चुकलं, गुरुजींनीच शिकवलं होतं. नोकरी तशीच राहील. नाहीतर मेंढरं आहेतच तुझी."

"आणि पेटी?"

"पेटीला आजपासून कुलूप. पुस्तकं कुणाकुणाच्या घरी जातायत, मला काल कळलं."

म्हणजे पुस्तकं कुणाच्या हाताला लागतात ह्याचाही विटाळ होता त्यांना. मला वाटत होतं, हे कळल्यावर ह्या माणसाला माझ्याइतकाच आनंद होईल. इतकी वर्षं मी त्यांच्याबद्दल काय काय समजत आलो होतो. पायऱ्या उतरलो. पाया पडलो नाही. त्यांच्या घरातून तसा मी पहिल्यांदाच निघालो.

अप्पा मेंढवाड्यावरून धावत आला. शेजारच्यांसमोर मला म्हणाला, "जा, पाय धर त्यांचे. त्यांनी तुला माणसात आणलं."

"अप्पा, त्याच्या आधी आपण कशात होतो?" मी विचारलं.

अप्पा रडला. त्या दिवाळीलाही त्यानं घोंगडी नेऊन दिली. मी त्याला अडवलं नाही. पण त्याच्याशी बरेच दिवस बोललो नाही.

ह्याला आठ वर्षं झाली. मी घोंगड्या विणतो. चिटगुप्प्याच्या बाजाराला जातो तेव्हा येताना एखादं पुस्तक आणतो. पोरं येतात, वाचतात, घरी नेतात. ह्या कामाला मी कुणाची परवानगी मागितलेली नाही.

गेल्या वर्षी मल्लप्पानं एक छापील पुस्तक आणून दिलं. गोष्टीचे पाच भाग कसे शिकवावेत, त्याबद्दलचं. वर मोठ्या गुरुजींचं नाव. प्रस्तावनेत लिहिलंय की ही पद्धत दीर्घ चिंतनातून सुचली. माझी वाक्यं जशीच्या तशी आहेत, फक्त शुद्ध केलेली. मेंढवाड्याचं नाव नाही, तात्याचं नाही, माझं नाही. आंधळी गाय मात्र आहे, आणि तिच्यामागोमाग सगळ्या गायी. तात्या असता तर पोट धरून हसला असता. मला हसू आलं नाही. मी रात्रभर जळत होतो.

आता शाळेत मोठ्या गुरुजींचा सत्कार ठरलाय. ह्याच पुस्तकासाठी. मला बोलावणं आलं. त्यांचा जुना विद्यार्थी म्हणून हार मी घालावा, दोन शब्द बोलावेत. बहुतेक त्यांनीच नाव सुचवलं असणार. आठ वर्षांत हा मऊ झाला असेल, असं त्यांना वाटत असेल.

लोक मला म्हणतात, म्हातारा माणूस आहे, सोड. मेल्यावर काय लिहायचं ते लिही. नाही. मेलेल्या माणसाबद्दल बोलायला काय लागतं. त्यांना ऐकू येतंय, डोळे शाबूत आहेत, तोवरच हे झालं पाहिजे.

मी जाणार आहे. हार घालणार नाही. हे सगळं लिहिलेले कागद घेऊन जाणार आहे आणि त्यांच्यासमोर उभं राहून वाचणार आहे, माझ्याच बोलीत, एकही शब्द न गाळता. कुणी मध्येच थांबवलं, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचीन.