जहागीरदाराची चौथी चौकट

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आधी नव्हता, आत्ताही नाही. या ग्रुपवरचे भुताचे अनुभव मी रोज वाचतो ते जेवताना करमणूक म्हणून, आणि निम्म्या ठिकाणी मनात म्हणतो — ‘ह्याला ताप असणार’. त्यामुळे माझ्या गोष्टीत पिंपळ नाही, पांढरी साडी नाही, अमावस्या नाही. जे घडलं ते भर दुपारी, परभणीत, फ्लेक्स छापायच्या दुकानात. ताप नव्हता. जेवणही झालेलं होतं.

मी अक्षय. वय पंचवीस. दुकानात डिझायनर आहे, म्हणजे वाढदिवसाच्या बॅनरवर साहेबांचे फोटो गोरे करतो. पण माझा खरा जीव कार्टूनमध्ये. अजूनही सकाळी चहात खारी बुडवून कार्टून बघितल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. आई रोज ओरडते, “लग्नाचं वय झालं अन् कार्टून बघायलाय! पोरीवाले आले तर काय सांगू?” मी म्हणतो, “सांग, पोरगं निर्व्यसनी आहे.”

दर गुरुवारी माझं स्वतःचं एक कॉमिक मी ऑनलाइन टाकतो. चार चौकटी, बस. हीरो एक लठ्ठ बोका — जहागीरदार. त्याला जगातलं काही मोठं नको. एसटीत सावलीच्या बाजूची खिडकी मिळाली, भज्यांच्या कागदात तळाशी चुरा उरला, लाइट गेली आणि मोजून दोन मिनिटांत आली... की जहागीरदार खूश. वाचणारे फार नाहीत, पण जे आहेत ते गुरुवारची वाट बघतात. मला तेवढं पुरतं.

चित्र काढायला मला शिकवलं मामांनी. ताडकळसला माझे मामा पेंटर. तिथल्या दुकानांचे बोर्ड, शाळेची भिंत, ट्रॅक्टर-ट्रॉलीवरची नावं, सगळं त्यांच्या हातचं. त्यांची एक पद्धत नीट सांगतो, कारण पुढे सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. मामा ब्रश शिकले ते परभणीच्या एका उस्तादांकडे, आणि उस्ताद आयुष्यभर उर्दू बोर्ड लिहिणारे. त्यामुळे मामा मराठी लिहितानासुद्धा आधी अक्षरांच्या डोक्यावरची रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिला खाली अक्षरं लटकवायचे. आणि ती रेघ — उजवीकडून डावीकडे. श्वास धरून, एका दमात. दुसरा कुठलाही पेंटर असं करताना मी बघितलेला नाही. मी स्वतः आधी अक्षरं लिहितो आणि मग वरची रेघ ओढतो, डावीकडून उजवीकडे, तुमच्यासारखीच.

दहा वर्षांचा असताना सुट्टीत मी त्यांचा लाल ऑइल पेंटचा अख्खा डबा पालथा केला होता. फरशी लाल, माझी चड्डी लाल. मामी लाटणं घेऊन बाहेर आली. मामा हसत म्हणाले, “सांडू दे की. पुसता येतंय.” एवढंच. त्या दिवसापासून मी मामांचा झालो.

आणि त्याच मामांचं गिऱ्हाईक खाणाऱ्या फ्लेक्सच्या धंद्यात मी नोकरीला लागलो. पेढे घेऊन गेलो तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. मामांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, “ग्वाड हाय. आक्या, रेघ तेवढी सरळ वढ म्हंजे झालं, मशीन असू नायतर ब्रश.” रागावले असते तर बरं वाटलं असतं हो! त्या पेढ्याची चव मला अजून आठवते.

गेल्या दिवाळीनंतर मामांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. पेंटरचा उजवा हात! डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, व्यायाम करा, सुधारेल. पहिले दोन महिने मामी त्यांना चमच्याने भरवायची. चहा लहान लेकरांच्या तोटीच्या कपातून. गळ्याला टॉवेल बांधून. आम्ही गेलो की मामा डाव्या हाताने काहीतरी दाखवायचे, घशातून आवाज काढायचे. आम्ही विचारायचो, पाणी? पंखा? संडास? ते डोळे मिटून मान भिंतीकडे फिरवायचे.

मग त्यांनी खाणंच सोडलं.

फेब्रुवारीतला बुधवार होता. सकाळीच मामीचा फोन. “अक्षय, तीन दिस झाले रे, दात उघडत न्हाईत. चमचा न्हेला की ढकलून द्यायलेत. डॉक्टर म्हणलेत, गिळायला काय अडचण न्हाई, ह्यांचं मनच न्हाई. शुक्रवारी नाकातून नळी टाकू म्हणलेत. माझ्यावर कशाचा राग हाय काय की...” आणि ती रडायला लागली. संध्याकाळी येतो म्हणालो.

लक्ष कशातच नव्हतं. पण गुरुवार दुसऱ्या दिवशी होता, आणि काळजी वाटायला लागली की मी चित्रच काढतो. डबा खाल्ला आणि टॅबवर जहागीरदाराच्या तीन चौकटी काढल्या. पहिलीत चहा आला. दुसरीत वाफ. तिसरीत जहागीरदार फुंकर मारतोय. चौथीत काय, ते सुचेना. ती रिकामी सोडली, टॅब लॉक करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि इरफानबरोबर बाहेर ओट्यावर बॅनरच्या कडांना दोरी ओवायच्या लोखंडी रिंगा मारायला बसलो. इरफान म्हणजे आमचा मशीनवाला, माझा जिगरी. मालक लग्नाला सोनपेठला गेलेले. लाइट गेलेली. दुकानात आत कुणी नाही, आणि आत जायचं तर आमच्या अंगावरूनच जावं लागणार.

साडेतीनला हात धुऊन टॅब उघडला... आणि चौथी चौकट भरलेली!

जहागीरदारच होता. पण उजवा पंजा ओल्या फडक्यासारखा खाली लोंबलेला. डाव्या पंजात बशी. बशी वाकडी झालेली, अर्धा चहा मिशांवरून पोटावर ओघळतोय, आणि हा पठ्ठ्या डोळे मिटून हसतोय. वर लिहिलेलं — ‘सांडू दे की.’

पहिल्यांदा माझी सटकली. मी ओरडलोच, “इरफान्या, माझ्या टॅबला कशाला हात लावला बे?”

“मैं?” इरफान म्हणाला. “दो घंटे से तेरे सामने बैठके रिंगां मार रहा हूं. और मेरेको बिल्ली निकालना आता तो यहां काय को रहता मैं?”

हे खरं होतं. इरफानने बोका काढला तर त्याचा बटाटा होतो.

माझ्या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये एक सोय आहे. काढलेलं चित्र पहिल्यापासून, एकेक रेघ करत परत बघता येतं. मी ते लावलं. पहिल्या तीन चौकटी झरझर झाल्या — माझा हात, माझी घाई, माझी खाडाखोड. मग चौथी चौकट. तिथे आधी बोका यायला हवा, मी नेहमी आधी बोका काढतो. बोका आला नाही. आधी एक रेघ आली. कोऱ्या जागेत, वर. उजवीकडून निघाली, सावकाश डावीकडे गेली, आणि अगदी शेवटाला किंचित खाली झुकली. मग तिला खाली एकेक अक्षर लटकलं.

मी ते मागे नेऊन परत लावलं. तीच रेघ. इरफानला दाखवलं. त्याला मामांची पद्धत माहीत नव्हती, त्यामुळे त्याला काही विशेष वाटलं नाही. पण माझं तोंड बघून त्याने गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. “जा. मालकाला मी सांगतो.”

पाचच्या आत ताडकळसला पोचलो. उन्हं अजून अंगणात होती. मामा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. वाटेतच डॉक्टरांना फोन केला होता. नीट बसवून थोडं थोडं द्यायला हरकत नाही म्हणाले. समोरच्या हॉटेलातून चहा आणला आणि मामीला म्हणालो, “बशी दे.”

“आरं बशी कशाला? सांडंल समदा! भाजंल त्यायला.”

“कोमट करून आणलाय. दे तू.”

मामांना टेकवून बसवलं. टॉवेल बांधायला मामी पुढे आली, तो मी बाजूला ठेवला. बशीत चहा ओतला आणि बशी त्यांच्या डाव्या हातात दिली. मामांनी बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात थरथरत वर गेला. अर्धा चहा सदऱ्यावर. मामी पदर घेऊन धावली, तसा मी तिचा हात धरला.

“मामी, सांडू दे की.”

मामांचे डोळे माझ्यावर आले आणि तिथेच राहिले. मग त्यांनी बशी ओठाला लावली आणि फुर्रर्र करून भुरका मारला. तीन दिवस बंद असलेले दात उघडले! दुसरी बशी. तिसरी. सदरा भिजला, चादर भिजली, हनुवटीवरून चहा टपकायला लागला, आणि मामा वाकड्या तोंडाने हसायला लागले. मामी उंबऱ्यात बसून ढसाढसा रडली. “येवढंच पायजे व्हतं का हो तुमाला? आन् मी लेकरावाणी भरवायलेय...” मीही रडलो, लाज कसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुधात कुस्करलेली भाकर डाव्या हाताने खाल्ली. निम्मी खाटेवर, पण निम्मी पोटात. नळी टाकायची वेळ आली नाही. गुरुवारी ती चौथी चौकट जशीच्या तशी ऑनलाइन टाकली. एकाने विचारलं, “आज अक्षर वेगळंय, कुणी लिहिलं?”

आता तुम्ही जे म्हणणार ते मी स्वतःच सगळं म्हणून बघितलंय. शब्द? ते माझ्या लहानपणीचेच, माझ्या डोक्यात होतेच. लोंबता पंजा? दोन महिने तेच बघत होतो. बशी? चहाचंच चित्र होतं की. फाइलवर दोन वाजून दहा मिनिटं अशी वेळ दिसते, आणि तेव्हा मी बाहेर होतो, पण टॅबची बॅटरी उतरली की त्याचं घड्याळ चुकतं, म्हणजे तोही पुरावा नाही. इरफान म्हणतो, “तूनेच निकाला, टेन्शन में भूल गया.” चला, मान्य. उरली फक्त रेघ. तीही मी मनातल्या मनात मामांची नक्कल करून काढली असं धरू. मग उजवीकडून डावीकडे पन्नास वेळा ओढून बघितली. एकही तशी आली नाही, पण तेही सोडा. मी समजूत घालून घेतली होती. खरंच घातली होती.

मग एप्रिलमध्ये परत ताडकळसला गेलो. मामा खुर्चीत बसलेले, मांडीवर नातवाची पाटी. डॉक्टरांनी डावा हात चालवायला सांगितलेलं, म्हणून मामीने तिच्या माहेरगावच्या बाजारातून खडूचा डबा आणलेला. पहिलाच दिवस. माझ्यासमोर त्यांनी डाव्या हातात खडू धरला, श्वास धरला आणि रेघ ओढली. उजवीकडून डावीकडे. आणि शेवटाला ती किंचित खाली झुकली.

मामांची रेघ आयुष्यात कधी झुकलेली नव्हती. ताडकळसच्या बोर्डांवर अजून आहेत, जाऊन बघा, दोरी लावल्यासारख्या सरळ. झुकली ती डाव्या हाताची रेघ. मी मोबाइलवर फोटो काढला आणि टॅबमधल्या रेघेवर ठेवून बघितला. उतार तोच, जागा तीच. म्हणजे फेब्रुवारीत माझ्या टॅबवर जी रेघ आली ती माझ्या आठवणीतल्या मामांची नव्हती. त्या हाताची होती, ज्याने तोवर खडूसुद्धा धरलेला नव्हता. त्या हाताची रेघ मी बघितलेलीच नव्हती, तर नक्कल कशाची करणार?

याचं उत्तर कुणाकडे असेल तर सांगा, वाद घालायला मी तयार आहे. भूत मात्र म्हणू नका, मामा जिवंत आहेत!

त्या दिवशी मी टॅब त्यांच्यासमोर धरला आणि ते चित्र रेघेरेघेने दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं. बोका आला तेव्हा हसले. मग मी विचारलं, “मामा, ही तुमी वढली का?”

तोपर्यंत मामांना एखाददुसरा शब्द जमायला लागला होता. त्यांनी डाव्या हाताचं बोट रेघेच्या झुकलेल्या टोकावर ठेवलं आणि मोठ्या कष्टाने म्हणाले,

“वा... वाकडी... हाय.”

आणि तळहाताने पाटी पुसून त्यांनी परत खडू धरला.