पंपावर चालणारं मध्ययुग

लग्नाच्या माहितीपत्रकात ‘छंद’ या शब्दापुढे जी रिकामी ओळ असते, ती माझ्यासारख्याच्या हाती देऊ नये. मी लिहिलं : ‘युरोपच्या अभिजात संगीताचा कालखंडनिहाय अभ्यास.’

अभ्यास म्हणजे चोरबाजारातून आणलेल्या चार जुन्या रेकॉर्डी आणि त्यांच्याहून जुना प्लेअर. कव्हरांवर कालखंड छापलेले होते, मध्ययुगापासून थेट रोमँटिक काळापर्यंत. ऐंशीच्या दशकातलं नेरूळ, वसाहत नवीकोरी. संध्याकाळी करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. ऑफिसातून आलो की सहाला मध्ययुग लावायचो, जेवणाआधी शेवटच्या रेकॉर्डीवर पोचायचो. महिन्याभरात मला एक थोर सिद्धांत सापडला. मध्ययुगातलं गाणं संथ, खर्जातलं, जणू माणूस अजून झोपेतच आहे. मग शतकागणिक सूर चढत जातो, लय वाढत जाते. माणूस जागा होत गेला! हे मी वहीत लिहून खाली सहीसुद्धा ठोकली.

छंद वाचून ठाण्याच्या एका गृहस्थांचं पत्र आलं. त्यांनी जन्मभर व्हायोलिन शिकवलेलं. पत्रिका नको, मानपान नको, एकच अट : जावयाला कान हवा. त्यांची मुलगी मी एका लग्नाच्या पंगतीत पाहिली होती. जिलबी वाढताना हात आखडणाऱ्या वाढप्याला तिनं असं काही सुनावलं होतं, की मी मठ्ठा प्यायचा विसरलो. तेव्हापासून हीच हवी, असं मनानं घेतलं होतं. आता रविवारी अकराला बापलेक आमच्याकडे येणार होते. लोक मुलीला गायला लावतात. इथे परीक्षेला मी बसणार होतो.

त्या सकाळी नऊला तालीम म्हणून मध्ययुग लावलं, तर ते उधळलंच. खर्ज गायब, संथपणा गायब. काल संध्याकाळपर्यंत झोपेत असलेली माणसं टुणटुणीत आवाजात, झपाझप गात होती. विजेचं काही बिनसलं की काय, हे विचारायला धावत खाली गेलो.

आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप सांभाळणारे काका शेजारच्या सारसोळे गावचे. त्यांनी विडी विझवली आणि शांतपणे सांगितलं, “सांजचे सहाला मी पंप चालू करतो ना, तवा तुमच्या बाजूचा करंट बसतो. दिवे मलूल, पंखे मलूल. टाकी भरून पंप बंद केला का हलूहलू समदं परत चढतं. तुमचा बाजा काय येगला हाय?”

म्हणजे माझं मध्ययुग गच्चीवर पाणी चढवत होतं.

शहाण्या माणसानं इथे सिद्धांत सोडला असता. मी पंप धरला.

“काका, अकरानंतर माझ्या गॅलरीत पंचा दिसला की मध्ययुग. पंप चालू. पंचा गेला की पुढचं शतक. पंप बंद.”

“पन टाकी फुल हाय.”

“माझ्या लग्नाचा प्रश्न आहे, काका.”

“मंग व्हाऊ दे,” काका म्हणाले.

पाहुणे आले. आईनं पोहे दिले. मी सहज केल्यासारखा पंचा गॅलरीत टाकला, मध्ययुग लावलं. खर्ज लागला. मी सिद्धांत मांडायला घेतला. गृहस्थांनी खिशातून सूर जुळवायची छोटी पिपाणी काढली, फुंकली, प्लेअरला कान लावला, पुन्हा फुंकली. कपाळावर आठ्या. मुलगी मात्र छताकडे बघत होती.

“पंखाही मध्ययुगात गेलाय का?” तिनं विचारलं.

तेवढ्यात गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. खिडकीबाहेर धो धो धार, आणि वरच्या मजल्यावरून किंकाळी : “अहो, माझे पापड!” मी घाईघाईनं पुढचं शतक आणायला गॅलरीत धावलो, पंचा ओढला, तो हातातून निसटला आणि खालच्यांच्या दोरीवर जाऊन बसला. काकांना पंचा दिसतच होता. पंप थांबेना. दुसरी रेकॉर्ड लावली, तीही खर्जातच रडली. माणूस काही जागा होईना.

मग दारात काका. नखशिखांत भिजलेले.

“साहेब, कोनचं शतक चालू हाय? पंचा खालच्या मजल्यावर गेला. मोटर तापलीय.”

आईनं पदर तोंडाला लावला. गृहस्थ उठले, चपला शोधू लागले. “जावयाला कान हवा, असं लिहिलं होतं मी. पंप नव्हता लिहिला.”

मग मी सगळं ओकलो. चोरबाजार, वही, वहीतली सही.

मुलगी काकांना म्हणाली, “बंद करा तो पंप.” मग माझ्याकडे वळली. “आणि तुम्ही ती पहिली रेकॉर्ड परत लावा. मध्ये बोलायचं नाही.”

लावली. गप्प बसलो. माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. आई साक्षीला आहे. गाणं संपलं तसं गृहस्थांनी एक चप्पल पायात, एक हातात अशा अवस्थेत विचारलं, “काय ऐकलंत?”

“चौघं गातायत. वाद्य नाही. तिसरा जरा मागे राहतो. चुकून की मुद्दाम, ते कळलं नाही. काळाबिळाचं तर काहीच कळलं नाही.”

“मुद्दाम,” ते म्हणाले आणि खाली बसले. “पुन्हा लावा.”

तिनं पोह्यांची बशी आता कुठे पुढे ओढली.

“कान आहे, बाबा,” ती म्हणाली. “तोंडाचं मी बघते.”