तम्मण्णांच्या हाताखालची जागा

वडगावातील विणकर गल्लीत तम्मण्णा नावाचे एक वृद्ध विणकर आपल्या पत्नी चंपाबाई यांच्यासह राहत असत. गेल्या काही वर्षांत तम्मण्णांची स्मृती विरत चालली होती. जुने लुगडे विरते तशी ती विरली होती. एखादा भाग अगदी धड राहिलेला, आणि त्याला लागूनच दुसरा भाग आरपार दिसावे इतका झिरझिरीत. जेवण झाले की नाही हे त्यांना आठवत नसे. कोणत्या गल्लीतून घरी वळावे हे आठवत नसे. आणि सर्वांत जड गोष्ट ही, की चंपाबाई आपल्या कोण, हेही त्यांना आठवत नसे. दिवसभर ते त्यांना "आक्का" म्हणत. बाजारात अनोळखी बाईस वाट विचारताना माणूस म्हणतो, अगदी त्या आदराने.

"आक्का, जरा पाणी द्या."

"आक्का, तुमी कुणाच्या म्हणायच्या?"

"हितलीच हाय मी," असे उत्तर चंपाबाई प्रत्येक वेळी देत, आणि पाणी देत.

केवळ सकाळची एक वेळ याला अपवाद होती.

चहा झाला की तम्मण्णा आतल्या खोलीत जात. तेथे पूर्वी त्यांचा खड्ड्याचा हातमाग होता. यंत्रमागांपुढे हातमाग टिकेना, तेव्हा तो मोडून खड्डा बुजविण्यात आला, वर फरशी बसली, आणि त्या फरशीवर आता एक टेबल व टेबलावर मुलगी माधवी हिचा संगणक होता. माधवी लग्न होऊन निपाणीस गेली व तेथील एका तंबाखूच्या वखारीत कामाला लागली; संगणक माहेरीच राहिला. जाण्यापूर्वी तिने घरातील जुने फोटो त्यात भरले आणि 'घर' या नावाचे एक पिवळे फोल्डर पडद्याच्या डाव्या कडेस, अगदी खालच्या कोपऱ्याजवळ ठेवले. त्यावर दोनदा टिचकी मारावी, मग पहिल्या फोटोवर पुन्हा तसेच करावे, इतके तिने वडिलांना शिकविले होते. त्या वेळी त्यांची स्मृती शाबूत होती. पुढे तम्मण्णा पुष्कळ विसरले, परंतु हे विसरले नाहीत. त्यांचे डोळे खिडकीकडे असले तरी हात माऊस धरून बरोबर त्या कोपऱ्यात जाई.

पहिल्या फोटोत तरुण तम्मण्णा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, आडवा दोरा नेणारा धोटा हातात धरून बसलेले होते, आणि त्यांच्या पाठीमागे चरख्यापाशी, कांड्यांवर दोरा भरीत, तरुण चंपाबाई. तम्मण्णा तो फोटो पुष्कळ वेळ पाहत. मग मान मागे वळवून, दारात उभ्या असलेल्या चंपाबाईंना म्हणत, "चंपे, कांड्या भर गं. धोटा रिकामा झाला."

"भरतो की. एवढी काय घाई?"

"घाई न्हाय तर काय? पेठेत लुगडं काय तुझा बा नेऊन देणार व्हय?"

"माझ्या बाचं नाव काढायचं काम न्हाय," चंपाबाई पदर तोंडाला लावून म्हणत, आणि तम्मण्णा हसत. चहा निवण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून हा प्रसंग फार लांबत नसे. त्यानंतर त्यांची नजर पुन्हा परकी होई. परंतु त्या अवधीत चंपाबाई कोणाच्या तरी चंपी असत, आणि त्या बळावर त्या उरलेला दिवस आक्का म्हणून काढीत.

पावसाळा सरता सरता संगणक मंदावला. फोल्डरवर टिचकी मारली तरी ते उघडेना. पडदा तसाच थिजून राही. तम्मण्णा वाट पाहून उठून जात. त्या दिवशी मग चंपाबाईंना कोणी नावाने हाक मारीत नसे. असे वारंवार घडू लागले, तेव्हा त्यांनी शहापुरातील दुरुस्तीवाले यल्लाप्पा यांना बोलावून आणले.

यल्लाप्पांनी यंत्र तपासले व मान हलविली. "आक्का, ह्याच्या पोटात दोन खोल्या हायती. एक सी, एक डी. तुमी घरचं सगळं सामान सीमधी कोंबलंय. मशीनलाच श्वास घ्यायला जागा न्हाय. आन् डी बघा, नुसती मोकळी."

"मग काय हुईल?"

"एक दिवस चालूच व्हायचं न्हाय."

"आन् फोटो?"

"गेले म्हणायचं."

"जातील कुठं पण?"

"ते मला कळलं असतं तर मी दुकान कशाला काढलं असतं?" यल्लाप्पा हसले, परंतु चंपाबाईंचा चेहरा पाहून त्यांनी हसणे आवरले. "कुठलं फोल्डर कुणाचं, मला ठाऊक न्हाय. पोरीला इचारून घरचं तेवढं डीमधी हलवा. काय भ्यायचं काम न्हाय."

चंपाबाईंनी त्याच सायंकाळी निपाणीस फोन लावला.

"आई, मी दिवाळीला आले की करते," माधवी म्हणाली. "वखारीत आत्ता सुट्टी मागायची सोय नाही."

"दिवाळीपतोर त्ये थांबंल व्हय? तू सांग, मी करतो."

"तू?"

"मी अक्षरं शिकलोय न्हवं? सुवर्णाबाईंच्या वर्गात काय नुसती चटई झाडाय जात हुतो व्हय?"

हे खरे होते. साठी ओलांडल्यावर चंपाबाई प्रौढ वर्गात बसून वाचण्यास शिकल्या होत्या. 'घर' हा शब्द त्या अर्थातच वाचू शकत. इंग्रजी सी आणि डी त्यांनी आकारावरून ओळखले: एक विळ्यासारखे, दुसरे पोट आलेल्या माणसासारखे. फोन कानाशी धरून, माधवी सांगेल तसतसे त्या बटण दाबीत गेल्या. काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी संगणकाच्या पेटीस हळदकुंकू वाहिले होते. माग हलविताना ते वाहण्याची त्या घरची रीत होती, आणि हे काम त्यांना त्याच जातीचे वाटत होते.

"आई, ऐक," मध्येच माधवी म्हणाली. "जुन्या जागेवर एक छोटं चित्र ठेवूया. शॉर्टकट म्हणतात त्याला. त्याच्यावर दाबलं की डीमधलं फोल्डर उघडतं."

"नको."

"का गं?"

"जुन्या जागंवर काय बी ठेवायचं न्हाय."

याचे कारण सांगणे आवश्यक आहे. तम्मण्णांच्या घराण्यात असा नियम होता, की माग एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना जुन्या जागी दोऱ्याचे एक टोकसुद्धा राहू द्यावयाचे नाही. राहिले तर मागाचे अर्धे मन तेथेच राहते आणि नव्या जागी वीण धड उतरत नाही. शहापुरातून वडगावास माग आणला तेव्हा खुद्द तम्मण्णांनी गुडघे टेकून फरशीच्या फटींतून दोरे वेचले होते, आणि चंपाबाईंनी त्यांना दिवा धरला होता.

"आई, हा माग नाही गं," माधवी म्हणाली.

"त्यांचा मागच हाय ह्यो."

आईपुढे तिचे या बाबतीत कधी चालत नसे. फोल्डर उचलले गेले. पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली आणि नाहीशी झाली. डी उघडून पाहता 'घर' तेथे होते, आणि त्यात सर्व फोटो होते. संगणकही चपळ झाला. आपल्या हातून काही गमावले गेले नाही, उलट सर्व राखले गेले, या समाधानात चंपाबाई त्या रात्री झोपी गेल्या.

सकाळी तम्मण्णा चहा घेऊन आत गेले. चंपाबाई दारात उभ्या राहिल्या. तम्मण्णांचा हात डाव्या कडेच्या खालच्या कोपऱ्यात गेला आणि त्यांनी दोनदा टिचकी मारली. तेथे काहीच नव्हते. निळा, स्वच्छ पडदा होता. त्यांनी पुन्हा टिचकी मारली. थांबले. पुन्हा मारली.

"आज माग बंद हाय व्हय?" त्यांनी विचारले.

"बंद न्हाय वो. थांबा, मी दावतो," असे म्हणून चंपाबाई लगबगीने पुढे झाल्या. त्यांनी डी उघडला, फोल्डर उघडले, फोटो मोठा केला. तम्मण्णांनी तो पाहिला. दुसऱ्याच्या घरी भिंतीवर लावलेला फोटो पाहावा, तसा सभ्यपणे पाहिला.

"कुणाचं घर म्हणायचं ह्ये?"

चंपाबाईंनी फोटो आणखी मोठा केला.

"बरं हाय," तम्मण्णा म्हणाले. "येतो आक्का मी. उशीर झाला." आणि ते उठून आपल्याच घराच्या ओट्यावर जाऊन बसले.

चंपाबाईंच्या तेव्हा ध्यानात आले. वडगावास नव्याने आलेल्या तम्मण्णांना नव्या खड्ड्यात कितीतरी दिवस वीण जमली नव्हती. खड्डा थोडा खोल झाला होता. पायांना मागाच्या पावड्या, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्या, सापडत नव्हत्या. अखेर त्यांनी खड्ड्यात माती भरून तो जुन्या खड्ड्याइतका केला, आणि पाय आपोआप चालू लागले. त्या माणसाला जे येत होते ते हातापायांत होते. तेच चंपाबाईंनी पुसून स्वच्छ केले होते.

त्यांनी पुन्हा फोन लावला. आता त्यांच्या आवाजात ऐट नव्हती. "माधे, हुतं तिथंच ठेव बाई. मशीन बंद पडलं तर पडू दे."

माधवीने सांगितले तसे करून चंपाबाईंनी फोल्डर परत आणले. ते भलत्याच जागी, पडद्याच्या वरच्या अंगास येऊन बसले. तेव्हा माऊस घट्ट धरून, ओटीत लेकरू न्यावे तसे सांभाळीत, त्यांनी ते ओढून खालच्या कोपऱ्यात आणले. थोडे इकडे, थोडे तिकडे केले. जागा तीच होती. याविषयी त्यांची पूर्ण खात्री होती.

परंतु दुसऱ्या सकाळी तम्मण्णा आत आलेच नाहीत. चहा घेऊन ते ओट्यावर बसले. त्यानंतरच्या सकाळीही तसेच झाले. खोलीकडे त्यांनी पाठ केली होती. रागाने नव्हे, तर बंद पडलेल्या कारखान्याकडे कामगार पाठ करतो तशी.

चंपाबाईंनी काही दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी त्यांनी तम्मण्णांचा हात धरून त्यांना आत आणले, खुर्चीवर बसविले व चहाची कपबशी शेजारी ठेवली. त्यांचा तळवा माऊसवर ठेवला. तो हात तेथेच पडून राहिला. पाहुण्याने यजमानाची वाट पाहत बसावे तसे तम्मण्णा बसून राहिले. अखेर चंपाबाईंनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला, तो कोपऱ्यात नेला, आणि त्यांचे बोट आपल्या बोटाने दोनदा दाबले; पहिल्या फोटोवरही तसेच केले.

फोटो उघडला. माग, खड्डा, चरखा. तम्मण्णा पुढे वाकले. त्यांनी बराच वेळ पाहिले.

"ही बाई कांड्या घट्ट भरती," तम्मण्णा म्हणाले.

"व्हय?"

"मग! दोरा सैल पडला की धोट्यात अडकतो. ही अडकू द्यायची न्हाय." ते चंपाबाईंकडे वळले. "कुणाची वो आक्का ही?"

चंपाबाईंनी त्यांच्या हातावरचा आपला हात काढून घेतला.

"तम्मण्णाची."

"चांगलं हाय त्याचं." त्यांनी मान डोलावली. मग काळजीच्या स्वरात विचारले, "हाय न्हवं ती? का गेली?"

"हाय की."

"मग सांगा तिला. धोटा रिकामा झालाय म्हणावं."

"सांगतो," चंपाबाई म्हणाल्या, आणि निवलेल्या चहाची कपबशी उचलून स्वयंपाकघरात गेल्या.