कोऱ्या रकान्यातली रेघ

बाबांची पत्रकं मी वाचायच्या आधी चिकटवायला शिकले. ते चारठाण्यात शिक्षक. रविवारी बुवाबाजीविरुद्धचे कागद घेऊन आम्ही एसटी स्टँडवर जायचो. खळ लावून कागद भिंतीवर दाबला की मला पळायची घाई. बाबा हात धरायचे. "लावून पळायचं न्हाई. बाजूला उभं राहायचं. कुणीतरी विचारतंच."

पुढे परभणीच्या एका प्रयोगशाळेत मी माणसाच्या यकृतातलं एक एन्झाइम शोधत होते. ते ओळखायचं साधन म्हणजे अँटीबॉडी, सशाच्या रक्तातून काढलेलं प्रथिन. बर्फात आलेली इवलीशी कुपी. ती फक्त त्याच एन्झाइमला चिकटते, असा विकणाऱ्यांचा दावा. पेशींतली प्रथिनं एका पांढऱ्या पडद्यावर रकान्या-रकान्यांत उतरवायची. भलतीकडे काही चिकटू नये म्हणून पडदा दुधाच्या पावडरीच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. मग अँटीबॉडी सोडायची. एन्झाइम असेल तिथे काळी रेघ.

"लय दूध पाजायलीस गं त्याला," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण चिडवायची. "दही लागंल बघ." डबा आम्ही दोघी एकत्र खायचो.

शेवटच्या रकान्यात मी मुद्दाम ते एन्झाइम नसलेल्या पेशी घातल्या होत्या. तो कोरा राहायला हवा होता. तिथेही रेघ आली. नवं दूध, नवा पडदा. पुन्हा तीच रेघ. म्हणजे अँटीबॉडी दुसऱ्याच कशाला तरी चिकटत होती, आणि आमचा सगळा शोधनिबंध तिच्यावर उभा होता.

माझ्या मार्गदर्शक सरांनी पडद्याचा फोटो पाहिला. "शेवटचा रकाना काप. बाकी छान आलंय."

"सर, कापला तर ते खोटं होईल."

"तुला पीएचडी करायचीय की मोर्चा काढायचाय?"

"मग माझं नाव नको त्यावर."

"नको तर नको," ते म्हणाले आणि फोटो परत माझ्याकडे सरकवला.

त्या निबंधावर मैत्रिणीचंही नाव होतं. नोकरीच्या मुलाखतीसाठी तिला तो हवा होता, आणि माझ्या हट्टानं तो अडकेल अशी भीती होती. डब्याचं झाकण काढता काढता ती म्हणाली, "तुझं तत्त्व तुझ्यापाशी ठेव की गं बाई. आमचं कशाला बुडवायलीस?" दुसऱ्या दिवशी ती बाकीच्यांसोबत खाली झाडाखाली जेवायला गेली. मी दुधाचा वास असलेल्या टेबलाशी एकटी. मग रोज तसंच.

निबंध कापलेल्या फोटोनिशी गेला. मी हॉस्टेलच्या शेगडीवर मैद्याची खळ शिजवली, आणि अख्खा फोटो प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवला. खाली लिहिलं: 'शेवटचा रकाना कोरा हवा होता. ही अँटीबॉडी वापरण्याआधी हे बघा.'

आणि बाजूला उभी राहिले.

चहाची वेळ झाली. सर फोनवर बोलत निघून गेले. पोरं माझ्याकडे न बघता, माझ्या कडेनं गेली. सर्वांत शेवटी मैत्रीण आली. थांबली. फोटोजवळ तोंड नेऊन तिनं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

तिनं कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं नीट दाबला आणि काही न विचारता जिना उतरून गेली.